सर्व्हिस क्लबात नवीन आहात? आधी खुर्च्या लावायला या

क्लबात नवीन मेंबर आला की पहिल्या महिन्यात दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. एक म्हणजे "मी नक्की करायचं काय?" आणि दुसरा "मला पोस्ट कुठली मिळेल?" दुसरा प्रश्न विचारणारे वाईट नसतात हो, पण ते फार टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे, कारण पोस्ट मिळते आणि मग कळतं की अध्यक्ष म्हणजे ज्याला रात्री अकरा वाजता फोन येतो की उद्याच्या कॅम्पला टेबलं कमी पडतायत. मी स्वतः सेक्रेटरी, खजिनदार सगळं करून झालोय आणि अजूनही मला विचाराल तर क्लबातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे रजिस्टर भरणं आणि भरल्यावर ते पुन्हा उघडणं. हे असं का ते पुढे येईलच. आता नवीन माणसाने कुठून सुरू करावं ते एकेक करून सांगतो.

आधी क्लब म्हणजे काय ते समजून घ्या

सर्व्हिस क्लब म्हणजे एनजीओ नाही आणि भिशीही नाही. आपापला नोकरीधंदा सांभाळून आठवड्याचे काही तास समाजासाठी देणाऱ्या लोकांचा गट, इतकं साधं आहे. पगारी माणूस नसतो, त्यामुळे खुर्च्या लावण्यापासून हिशोब लिहिण्यापर्यंत सगळं मेंबरच करतात.

यातला सगळ्यात जुना रोटरी, २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना घेऊन सुरू केला, आणि आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात मिटिंग व्हायची, ती फिरती म्हणून नाव रोटरी. किवानिस १९१५ चा, लायन्स १९१७ चा, बायकांचा सोरॉप्टिमिस्ट १९२१ चा. गंमत म्हणजे यातले बरेच सुरुवातीला एकमेकांना धंदा देण्यासाठी जमले होते, सेवा नंतर आली. आणि रोटरीने सगळ्यात आधी कशात हात घातला माहितीय? १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक संडास व्हावेत म्हणून. फीत नाही, स्टेज नाही, संडास. नवीन मेंबर "आपण काहीतरी मोठं करूया ना" म्हणायला लागला की मी त्याला हा किस्सा सांगतो.

लायन्सचं डोळ्यांचं काम का, असंही बरेच जण विचारतात. १९२५ मध्ये त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर (स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका) आल्या होत्या, त्यांनी लायन्सना अंधांसाठी लढणारे शिलेदार व्हा असं आवाहन केलं आणि तेव्हापासून चष्मे, मोतीबिंदू, नेत्रदान हे त्यांचं ठरलेलं काम झालं. बायकांना मात्र या मोठ्या क्लबांची दारं बरीच उशिरा उघडली, रोटरीच्या कॅलिफोर्नियातल्या एका क्लबने १९७७ मध्ये तीन बायकांना मेंबर केलं म्हणून त्याची मान्यताच काढून घेतली होती, ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. त्याच वर्षी लायन्स आणि किवानिसनेही दार उघडलं. आज बऱ्याच क्लबांत कामाचा खरा गाडा बायकाच ओढतात, म्हणजे ऐंशी वर्षं आपण काय घालवलं बघा.

वय कमी असेल तर थेट मोठ्या क्लबात जायलाच हवं असं नाही. शाळेतल्या मुलांसाठी इंटरॅक्ट आहे, अठराच्या पुढच्यांसाठी रोटरॅक्ट, लायन्सचे लिओ क्लब साधारण १२ ते ३० वयासाठी. तिथे काम जास्त आणि भाषणं कमी असतात, हा मोठा फायदा.

पाहुणा म्हणून जा, लगेच फॉर्म भरू नका

या क्लबांत मेंबरशिप सहसा आमंत्रणावर असते, म्हणजे कोणीतरी जुना मेंबर तुमचं नाव सुचवतो. ओळखीचं कोणी नसेल तर सरळ क्लबच्या सेक्रेटरीला फोन करा, मला एकदा मिटिंगला यायचंय म्हणून सांगा, नाही म्हणणारा क्लब मी तरी पाहिला नाही.

दोन-तीन मिटिंगा आणि निदान एक प्रोजेक्ट बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मिटिंगमध्ये सगळेच गोड बोलतात, माणसं कळतात ती प्रोजेक्टवर. कॅम्प संपल्यावर कोण थांबतं ते बघा. फोटो काढून झाल्यावर पंधरा मिनिटांत हॉल रिकामा होत असेल आणि मागे दोघंच सतरंज्या गुंडाळत बसले असतील तर समजून जा की क्लब त्या दोघांवर चाललाय. ते दोघं चांगले वाटले तर तरीही जॉइन व्हा, त्यांना तिसऱ्याची गरज आहे.

आणि तीन गोष्टी न लाजता विचारा. मागच्या वर्षी काय काय केलं आणि त्यातलं यंदा काय चालू आहे. वर्गणी किती आणि ती कुठे कुठे जाते (एक भाग क्लबचा, एक डिस्ट्रिक्टचा म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाचा, एक वरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा असतो, त्यामुळे आकडा ऐकून दचकू नका पण फोड मागा). आणि आठवड्याला खरंच किती वेळ द्यावा लागतो, हे अध्यक्षाला विचारू नका, दोन वर्षं जुन्या साध्या मेंबरला विचारा. अध्यक्ष म्हणणार "अहो तास-दोन तास फक्त".

पिन लावली, आता?

फॉर्म, मग बोर्डाची (क्लब चालवणाऱ्या समितीची) मंजुरी, मग इंडक्शन. इंडक्शनला शपथ असते आणि कोटाला पिन लावतात. रोटरीची पिन म्हणजे एक दातेरी चाक, जवळून बघा कधी, चाकाला २४ दाते आणि ६ आरे आहेत आणि मधल्या भोकाला एक छोटी चौकोनी खाच आहे. ही खाच आधीच्या डिझाइनमध्ये नव्हती. ज्यांनी वर्कशॉप पाहिलंय त्यांना लगेच कळेल, ती की-वे आहे, शाफ्टची चावी (चाक आणि दांडा जोडणारी पाचर) बसायची जागा. ती नसेल तर चाक शाफ्टवर नुसतंच गरागरा फिरतं, जोर पुढे जात नाही. इंजिनिअर लोकांनीच ती चूक दाखवली आणि मग खाच आली. नवीन मेंबरला पिन लावताना मी हे मुद्दाम सांगतो, बाकी शपथेतलं काही त्याच्या लक्षात राहत नाही, खाच राहते.

मिटिंग कशी चालते

पहिल्या मिटिंगला जरा शाळेत आल्यासारखं वाटेल, घंटा वाजते, अध्यक्ष हातोडी आपटतात, कोणीतरी पाहुण्यांची ओळख करून देतं, सेक्रेटरी रिपोर्ट वाचतो, मग वक्ता किंवा प्रोजेक्टची चर्चा, परत घंटा. हसू नका, घंटेमुळेच मिटिंग वेळेत संपते. ज्या क्लबात घंटा वाजवायला विसरतात तिथे मिटिंगा दोन दोन तास चालतात.

लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाची एक पोस्ट असते, म्हणजे शेपूट पिळणारा. उशिरा आलात, पिन विसरलात, फोन वाजला की तो किरकोळ दंड लावतो, सगळं गमतीत. त्याला स्वतःला मात्र दंड लावायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं असा नियमच आहे, त्यामुळे ही पोस्ट कधी चालून आली तर सोडू नका.

एक फरक लक्षात ठेवा, जनरल मिटिंग वेगळी आणि बोर्ड मिटिंग वेगळी. खरे निर्णय बोर्डात होतात. बहुतेक क्लबात साध्या मेंबरला परवानगी घेऊन बोर्ड मिटिंगला बसता येतं, मत देता येत नाही इतकंच. एकदा तरी बसा, पैसा कुठून येतो आणि वाद कशावरून होतात ते दोन तासांत कळतं.

पहिलं काम: रजिस्ट्रेशनचं टेबल मागून घ्या

नवीन माणसाला लोक सहसा "तुम्ही बसा हो, बघा आधी" म्हणतात. बसू नका. रक्तदान कॅम्प असेल तर रजिस्ट्रेशनचं टेबल मागा. तिथे बसलात की एका सकाळीत सगळा क्लब, सगळी ब्लड बँकेची टीम आणि निम्मं गाव ओळखीचं होतं.

कॅम्पचा क्रम असा असतो. माणूस येतो, फॉर्म भरतो, त्यात आजार, औषधं, आधी कधी रक्त दिलं असे प्रश्न असतात, मग वजन, बीपी, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, डॉक्टरांनी हो म्हटलं की बेड. प्रत्यक्ष रक्त काढायला दहा मिनिटंसुद्धा पुरे होतात, साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलीची पिशवी असते. नंतर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं आणि काहीतरी खायला-प्यायला द्यायचं. यात गोंधळ दोनच ठिकाणी होतो, फॉर्मच्या टेबलावर आणि उठल्यावर.

फॉर्मच्या टेबलावर लोक शेजाऱ्याला विचारून खरं-खोटं भरतात. एखाद्याने आदल्या दिवशी औषध घेतलेलं असतं, मित्रांसमोर सांगायला लाजतो. तुम्ही डॉक्टर नाही, निर्णय द्यायचा नाही, फक्त हळू आवाजात सांगायचं की "हे आतल्या डॉक्टरांना नक्की सांगा, दुसऱ्या कोणाला कळणार नाही." आणि ज्याला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं त्याच्याशी दोन मिनिटं नीट बोला, तो बिचारा अपराध्यासारखा तोंड करून बाहेर पडत असतो. त्याचंही नाव रजिस्टरला घ्या. पुढच्या वेळी सगळ्यात आधी तोच येतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

उठल्यावरची गोष्ट म्हणजे चक्कर. बेडवर ठणठणीत असलेला धट्टाकट्टा माणूस उठून चार पावलं चालला की पांढरा पडतो. त्याला खुर्चीत बसवायची घाई करू नका, तिथेच आडवा करा, पाय वर उचलून धरा आणि ब्लड बँकेच्या माणसाला हाक मारा. भोवती घोळका करून वारा अडवणाऱ्यांना हाकलायचं काम मात्र तुमचं.

आता तारखेबद्दल. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनर यांचा वाढदिवस, आणि त्या दिवशी जो तो क्लब कॅम्प लावतो. पण लाल पेशी फ्रीजमध्ये जेमतेम ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच. म्हणजे एका आठवड्यात सगळ्यांनी मिळून ढीग रक्त जमवायचं आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांनी सुट्ट्यांच्या काळात ब्लड बँकेने नातेवाइकांना "डोनर आणा" म्हणायचं, याला काय अर्थ आहे? वर ज्यांनी दिलं ते निदान तीन महिने पुन्हा देऊ शकत नाहीत. म्हणून कॅम्प ठरवताना आपल्या सोयीची तारीख सांगण्याआधी ब्लड बँकेला विचारा, तुम्हाला कधी कमी पडतं आणि किती पिशव्या झेपतील. हा एक प्रश्न विचारणारा नवीन मेंबर मला दहा अनुभवी मेंबरांपेक्षा जास्त आवडतो.

रजिस्टर पुन्हा उघडायचं, इथे आम्ही सगळे चुकलो होतो

मी क्लबात येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. डोळे तपासणीचा कॅम्प होता, एकदम जोरात झाला, बॅनर मोठा, पाहुणे वेळेवर, तपासायला लाइन दारापर्यंत. रजिस्टर माझ्याकडे होतं. ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी पुढे ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात या असं लिहून दिलं, ऑपरेशन फुकट होणार होतं, हॉस्पिटलशी बोलणं झालं होतं. कॅम्प संपला, ग्रुपवर फोटो पडले, सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी रजिस्टर कपाटात ठेवलं.

काही महिन्यांनी आमचा दुसरा कुठलातरी आरोग्य कॅम्प होता, तिथे एक आजोबा आले. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी काढली, आमच्याच कॅम्पची, घड्यांवर फाटत आलेली. म्हणाले, "तुम्ही लोक बोलावणार होतात ना, मी थांबलोय." त्यांना वाटलं होतं आम्ही गाडी घेऊन येणार, आम्हाला वाटलं होतं ते आपले आपण जाणार. मी दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं, नावं होती, वयं होती, फोन नंबरच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी रेघ मारलेली. मीच मारलेली. लाइन मोठी होती म्हणून.

त्या आजोबांचं ऑपरेशन नंतर झालं, त्यांना स्वतः घेऊन गेलो. पण बाकीच्यांपैकी बरेच जण सापडलेच नाहीत.

तेव्हापासून आमचं रजिस्टर असं आहे, तुम्हीही असंच करा: नाव, वय, स्वतःचा फोन, घरातल्या किंवा शेजारच्या एकाचा फोन, डॉक्टरांनी काय सांगितलं, कधी यायचं, सोबत कोण येणार, मग पुढे तीन रिकामे रकाने, पहिला फोन, दुसरा फोन, झालं का. शेवटचा रकाना भरेपर्यंत प्रोजेक्ट संपलेला नाही, मग फोटो कितीही छान येऊ देत. हॉस्पिटलशी बोलतानाच ठरवा की नेण्या-आणण्याची गाडी कोणाची, आणि ऑपरेशननंतर औषधाचे थेंब घालायला घरी कोण आहे हेही विचारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला थेंब घालणं जमत नाही, हात थरथरतात, हे मला आधी कधी सुचलंही नव्हतं.

मोठ्या कामांतही हेच असतं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम हातात घेतलं, १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेबरोबर जगभरची मोहीम सुरू झाली, तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख केसेस अंदाजे होत्या, आता मूळ (वाइल्ड) पोलिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांत उरलाय. बूथवर आलेल्या मुलाला दोन थेंब पाजणं हा त्यातला सोपा भाग. मग बोटावर शाईची खूण करायची, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन न आलेली मुलं शोधायची, झोपलेलं होतं, मामाकडे गेलं होतं, आईने नको म्हटलं, त्या घराच्या दारावर वेगळी खूण आणि तिथे परत जायचं. जी मुलं सुटली त्यांची यादी म्हणजेच ती मोहीम होती असं म्हटलं तरी चालेल.

स्वतःचा छोटा प्रोजेक्ट घ्यायचा असेल तर

सहा महिने इतरांच्या प्रोजेक्टवर राबल्यावर आपला एखादा घ्या, आधी नको. आणि कल्पना घरी बसून काढू नका. शाळेत जायचं, मुख्याध्यापकांना विचारायचं तुम्हाला काय लागतं, आणि मग गप्प बसायचं. आपण वह्या वाटायच्या ठरवून गेलेलो असतो आणि ते म्हणतात वह्या ढीगभर आल्यात हो, मुलींच्या संडासाला कडी नाही. कडीचा फोटो ग्रुपवर चांगला दिसत नाही ही अडचण आहे खरी, पण कडीच बसवा.

झाडं लावायची असतील तर खड्डे मोजण्याआधी पाणी मोजा. पहिल्या दोन-तीन वर्षांचं पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव कागदावर नसेल तर झाडं कमी करा, शंभराची वीस करा. आमच्या क्लबाने एकाच जागी तीन वर्षं वृक्षारोपण केलंय. जागा तीच, खड्डेसुद्धा जवळपास तेच. यावर जास्त बोलत नाही.

नेत्रदानाचं काम मात्र नवीन माणसाने जरूर घ्यावं, खर्च जवळपास शून्य आणि फोनवर होणारं काम आहे. संकल्पाचे फॉर्म भरून घेणं हा त्यातला दिखाऊ भाग, खरा फोन येतो तो कोणी गेल्यावर, बहुतेक वेळा अवेळी. वेळ फार नसतो, साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. म्हणून फोनवर शांतपणे हे सांगता आलं पाहिजे: पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा, मी आय बँकेला कळवतो. चष्मा होता, डायबेटिस होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तरी सहसा चालतं, शेवटी काय ते आय बँक ठरवते. आणि घरच्यांची संमती लागतेच, फॉर्म आधी भरलेला असला तरी. एकाने नाही म्हटलं तर आग्रह करू नका, "काही हरकत नाही" म्हणा आणि दोन मिनिटं थांबून मग फोन ठेवा. आय बँकेचा नंबर आत्ताच सेव्ह करा, तेव्हा शोधायला जाऊ नका.

पैसा

इथे मी जरा कडक आहे. क्लबाची दोन खाती हवीत. मेंबरांच्या वर्गणीचं एक, त्यातून हॉलचं भाडं, टपाल, मिटिंगचा खर्च. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेल्या पैशाचं दुसरं, आणि त्यातला पैसा फक्त सेवेलाच. लायन्समध्ये तर हा नियमच आहे, लोकांकडून आलेला पैसा लोकांकडेच गेला पाहिजे, क्लबाच्या जेवणावळीला वापरायचा नाही. "नंतर परत टाकू" म्हणून इकडचा तिकडे केला की तो परत येत नाही.

नवीन मेंबरने पैशाला हात लावताना तीनच गोष्टी पाळाव्यात. पावती दिल्याशिवाय एक नाणंसुद्धा घ्यायचं नाही. रोख त्याच दिवशी दोघांनी मिळून मोजायची. आणि आपल्या खिशातून खर्च केला तर बिल ठेवायचं, "राहू दे हो, काय एवढं" म्हणायचं नाही, कारण मग प्रोजेक्टचा खरा खर्च कळत नाही आणि पुढच्या वर्षी ज्याच्या खिशात तेवढे नाहीत तो अडचणीत येतो.

छोट्या रकमेला लाजू नका. रोटरी फाउंडेशनची, म्हणजे रोटरीच्या सेवेसाठीच्या निधीची, कल्पना १९१७ मध्ये मांडली गेली आणि तिच्यात आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर, कॅन्सास सिटीच्या क्लबाकडे कार्यक्रमातून उरलेले.

मोठ्या ग्रँटच्या (वरच्या संस्थेकडून प्रोजेक्टसाठी मिळणाऱ्या पैशाच्या) मागे पहिल्या वर्षी लागू नका. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला दोन देशांतले क्लब लागतात, बजेट किमान ३०,००० डॉलरचं लागतं आणि कागद इतके की प्रोजेक्ट राहतो बाजूला.

फोटो

काढा, पण घेणाऱ्याला विचारून. वस्तू हातात धरून पाच जणांनी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि ज्याला मिळतेय त्याने खाली बघायचं, हा फोटो बंद करायला हवा. लहान मुलांचे चेहरे, पेशंटचे चेहरे टाकू नका. काम करणाऱ्यांचे टाका, घामाघूम झालेले. बॅनरवर तारीख छापू नका, तोच चार वर्षं चालतो.

रिपोर्ट मात्र त्याच आठवड्यात लिहा, किती मेंबर आले, किती तास, किती लोकांना उपयोग, किती खर्च, काय फसलं. काय फसलं हा रकाना फॉर्ममध्ये नसतो, तुम्ही खाली लिहा.

३० जूनला काय होतं

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, बोर्ड बदलतं, आणि क्लबाला दरवर्षी थोडासा स्मृतिभ्रंश होतो. नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी नवीन करायचं असतं, जुना प्रोजेक्ट अनाथ होतो. तुम्ही ज्या प्रोजेक्टवर आहात त्याची एक फाइल मे महिन्यातच करा, रजिस्टरची झेरॉक्स, फोन नंबर, कोण मदत करतं, कोण नुसतं हो म्हणतं (हे पेन्सिलीने), कोणाचे फोन बाकी आहेत. आणि ती नव्या अध्यक्षाच्या हातात द्या, सेक्रेटरीच्या नाही, सेक्रेटरीकडे फायली भरपूर असतात.

पोस्टचं म्हणाल तर दोन वर्षं काम केल्यावर ती स्वतःच विचारत येते. पहिल्यांदा सेक्रेटरी व्हा, त्रास आहे पण सगळं कळतं. नाही म्हणायलाही शिका, परीक्षा आहे, घरी आजारपण आहे, धंद्याचा सीझन आहे तर आधीच सांगा की हे तीन महिने मी नाही. हो म्हणून न येणाऱ्यापेक्षा नाही म्हणून घरी बसलेला बरा. आणि ग्रुपवर भांडू नका. ज्याच्याशी वाद झालाय त्याच्याबरोबर पुढच्या कॅम्पला टेबल उचला, दोन टोकांना दोघं, बोलावंच लागतं.

राहता राहिलं पहिल्या कॅम्पला जाताना पिशवीत काय घ्यायचं ते. पाण्याची बाटली, सेलोटेप, कात्री, मार्कर, स्टेपलर आणि पिना (स्टेपलर सगळे आणतात, पिना कोणी आणत नाही), एक्स्टेंशन बोर्ड, कोरे कागद, आय बँक आणि ब्लड बँकेचे नंबर लिहिलेला एक कागद कारण फोन बंद पडतो, आणि डझनभर पेनं. पेनांना दोरा बांधून तो टेबलाच्या पायाला बांधा. नाहीतर अकरा वाजेपर्यंत एकही उरत नाही, आणि मग फोन नंबरच्या रकान्यात रेघा पडायला लागतात.